जिभेने पास केलेल्या बॅटऱ्या

करंगळी बॅटरीच्या भोकात बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे, कोपऱ्यातल्या राखेत थुंकायचं आणि म्हणायचं, “पास!” आमच्या मिस्त्रींची बॅटरी तपासण्याची रीत ही एवढीच. आत गंधकाचं तेजाब असतं हो, उसाचा रस नव्हे, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता.

साठ सालाच्या आसपासची ही अकोल्याची गोष्ट. वीज न पोचलेल्या खेड्यांत पंचायतीचे रेडिओ बॅटरीवर चालत. उतरलेल्या बॅटऱ्या एस.टी.च्या टपावरून आमच्या चार्जिंगच्या खोलीत येत आणि भरल्या की तशाच परत जात. मी अमरावतीहून बदलून आलेला नवा सुपरवायझर, मिस्त्री तिथले जुने. त्यांनी पास म्हटल्याशिवाय एकही बॅटरी दाराबाहेर पडत नसे.

अकोटकडच्या एका खेड्यातले गुरुजी एकच बॅटरी तिसऱ्यांदा घेऊन आले. थांब्यापर्यंत चार मैल ती बैलगाडीतून आणावी लागे.

“सायेब, रेडिओ दोन दिवस बोलते अन् मुका होते,” गुरुजी म्हणाले. “लोक मले हासून राहिले.”

“तुमचा रेडिओच खराब असन,” मिस्त्री ठसक्यात म्हणाले. “मी सोता चाखून देल्ली होती.”

त्या दिवशी मी वरच्या कचेरीला लिहून तेजाब तपासण्याची तीन उपकरणं नमुन्याला मागवली. आणि हात जोडून सांगतो, वाचकहो, माझ्यासारखा शहाणपणा करू नका. “वापरणार तुम्ही, तेव्हा निवडाही तुम्हीच,” असं मी मिस्त्रींना म्हणून बसलो.

पहिल्यात उंच काचपात्र होतं. त्यात तेजाब ओतून वर तरंगणारी कांडी सोडायची. “म्हंजे हरेक खेपेले ब्याटरी म्हशीवानी दोहाची काय?” झालं, ते बाद. दुसऱ्यात तीन रंगीत मणी होते. तिन्ही तरंगले तर बॅटरी भरलेली, बुडाले तर रिकामी. “हे पोराइचं खेळनं हाये.” तेही बाद. तिसरी रबरी फुगा लावलेली काचेची नळी. फुगा दाबून सोडला की तेजाब वर चढे आणि आतली कांडी आकडा दाखवी. तिच्यात खोट काढायला काही सापडेना, तेव्हा मिस्त्रींनी आधी बॅटरी चाखली, मग नळी लावली.

“नळी खोटी हाये.”

“का हो, कशावरून?”

“माह्या जिभीसंग जुळत नाई.”

पंधरा दिवस हेच. नळी म्हणे कमी, जीभ म्हणे पास. वरच्या कचेरीला द्यायचा माझा अहवाल अडलेला, गुरुजींची बॅटरी भिंतीशी पडलेली. शेवटी माझं डोकं फिरलं. मी टेबलावर तीन वाट्या मांडल्या.

एकीत कडक तेजाब, एकीत नरम, एकीत साधं पाणी; कुठल्या वाटीत काय, एवढं मी मिस्त्रींना सांगितलंच नाही. म्हटलं, “तिन्ही चाखा. कुठली पास, कुठली नापास, ते बरोबर सांगितलंत तर सगळे नमुने परत पाठवतो.”

त्यांनी ऐटीत डावीकडून सुरुवात केली. “पास.” दुसरी, “पास.” तिसरी, “पास!”

मी डावीकडची वाटी उचलली आणि तोंडाला लावली. “सायेब, मरान नं!” म्हणत ते धावले, माझा हात धरला. तोवर मी ते पाणी पिऊन टाकलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. हात हळूच सोडला आणि स्टुलावर बसले. जिंकल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. झाला नाही. मला माझीच लाज वाटली.

“कधीपासून असं?” मी विचारलं.

“काय मालूम. घरची म्हन्ते, भाजी खारट झाली तरी तुमी बोलत नाई आजकाल. मले वाटे, म्हातारपनी मी शहाना झालो.”

मग ते उठले आणि फुग्याची नळी स्वतःच उचलली. गुरुजींच्या बॅटरीत घालून पाहिली. कांडी पार तळाला बसली. त्यांनी ती बॅटरी पुन्हा दोन दिवस चार्जिंगला लावली. ती गेली ती कित्येक आठवडे परत आली नाही. मी अहवालात लिहिलं, “फुग्याची नळी, मिस्त्रींच्या पसंतीने.” करंगळी पुन्हा कधी तोंडाकडे गेली नाही.

पण दुपारच्या चहाला एक नवीनच सुरू झालं. बशीत चहा ओतला की ते ती आधी माझ्यापुढे सरकवत. “पाहा बरं सायेब, साखर हाये काय?” मी घोट घ्यायचा, “आहे” म्हणायचं, मग ते प्यायचे. याचाही मला वैताग येई, खोटं कशाला बोलू!

माझी पुन्हा अमरावतीला बदली झाली. निघायच्या दिवशीही त्यांनी बशी सरकवली. मी घोट घेतला. चहावाला साखर घालायलाच विसरला होता.

“आहे,” मी म्हणालो. “अगदी बरोबर आहे.”

“मलेबी तसंच वाटलं,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी सगळी बशी चवीने संपवली.