माळावर गाय मोकळी सोडली तेव्हा

आधी याडीचं सांगते, मग बाकीचं. आमच्या गावाच्या वर माळावर जो तांडा आहे, तिथली ही म्हातारी. त्यांच्यात आईला याडी म्हणतात, मीही तेच म्हणते. ती त्या दिवशी भेटली नसती तर माझ्या दावणीला आज काय उरलं असतं, हा विचार अजूनही मनात येतो.

माझं माहेर वसमतकडचं. काळं, सपाट रान. नजर जाईल तिथवर कुणाचा ना कुणाचा बांध. शाळेत मास्तर उर्दूतून शिकवायचे आणि घरी धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून दुसरीतच पाटी सुटली. मराठी अक्षरं मी लग्नानंतर मालकांकडून गिरवली. लग्न झालं ते थेट सेनगावच्या वरच्या अंगाला. बैलगाडीनं वाटेत मुक्काम करत यायचं, त्यामुळे माहेर सणावारीच दिसायचं. वडिलांनी पाठवणीला एक तांबडी कालवड दिली होती. सासरी तीच एक माझ्या ओळखीची. मी तिच्याशी गोठ्यात बोलत बसायची आणि सासूबाई हसायच्या, "गाईला सांगती सगळं. आमाला एक शब्द न्हाई."

तीच पुढं गाय झाली, पहिल्यांदा गाभण राहिली. आश्विनात तिचे दिवस भरत आले. माझ्या माहेरी अशी गाय गोठ्याबाहेर काढत नाहीत. इकडे मात्र ती रोज गावच्या खांडाबरोबर, सगळ्या गुरांच्या कळपात, माळावर चरायला जायची. मी भीत भीत म्हणाले, "घरीच ठेवली तर?"

"काहून? ती काय पाटलाची सून हाय घरात बसायला?" सासूबाई म्हणाल्या.

आणि एका संध्याकाळी गाय परत आली ती रिकाम्या पोटानं. कास तटतटलेली, मागची बाजू रक्तानं भरलेली, बरोबर वासरू नाही. म्हातारा गुराखी डोक्याला हात लावून बसला. "टेकाडाच्या मागं जराशी गेली व्हती बाई. मला वाटलं सावलीला गेली." मालकांनी तिला पटकन खुंट्याला बांधलं, आता ही तरी कुठं जायला नको म्हणून. ती रात्रभर हंबरली.

सकाळी उडदाची मळणी होती, माणसं सगळी खळ्यावर. मालक जाताना हळूच म्हणाले, "लांडग्यानं नेलं असंल. गाय हाय ना? मनाला लावून घेऊ नको." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी बांधून दिली. "जा, बघून ये. पन पोरी, वासरापायी गाय घालवून येऊ नको."

मी गाईची दोरी मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरली आणि निघाले. गाय दाखवील, आपण मागे जायचं, एवढंच माझं डोकं.

याआधी मी माळावर कधी गेले नव्हते. खालून तो नुसता एक पिवळा उंचवटा दिसायचा. चढ संपला तसं समोर गवतच गवत, कमरेएवढं, वाऱ्यानं एकाच अंगाला लवणारं. ना बांध, ना विहीर, ना झाड म्हणावं असं झाड. मधेच काळे धोंडे, तरवडाची पिवळी फुलं, पळसाची खुरटी झुडपं. कुसळं लुगड्यात शिरून मांडीला टोचत होती. मी हाका मारत होते आणि गाय निवांत चरत होती. मी डावीकडे ओढली की डावीकडे, उजवीकडे ओढली की उजवीकडे. जणू तिला काही झालंच नव्हतं. ऊन वर आलं तेव्हा मी धोंड्यावर बसून रडायला लागले.

"कोन मेलं गं?" मागून आवाज आला.

डोक्यावर सरपणाचा भारा, हातभर पांढऱ्या बांगड्या, काचा लावलेली चोळी. मी रडत रडत सगळं सांगितलं. तिनं भारा खाली टाकला आणि गाईकडे बघितलं, मग माझ्या मनगटाकडे.

"दोरी सोड."

"पळून जाईल ना!"

"आगं छोरी, तिनं लेकरू लपवून ठेवलंय. तू दोरी धरून मागं मागं फिरून राहिली. तिच्या लेखी चोर कोन? तूच. चोराला घर दाखवती व्हय कुनी?"

"पण गेली तर? सासूबाईंनी सांगितलंय..."

"तुजी सासू हितं हाय?"

माझे हात सुटेनात. तिनं ओढून घेतली नाही दोरी. समोर उकिडवी बसली आणि वाट बघत राहिली. शेवटी मीच वेढे काढले. गळ्यातली गाठ सोडताना गाईच्या मानेला तोंड लावून म्हणाले, "बाई, मला एकटीला टाकून जाऊ नको." याडी तोंडाला पदर लावून हसली.

गाय लगेच कुठंच गेली नाही. याडीनं मला तिच्याकडे पाठ करून बसवलं. "बघू नको. बघितलं की तिला कळतं." आम्ही भाकरी वाटून खाल्ली. त्या जागेवरून खाली कयाधू नदीची बारीक चकाकती रेघ दिसत होती आणि तिच्यापलीकडे सगळं निळसर धूसर. मी विचारलं, वसमत कुठं?

"ते तिकडं." मग जरा थांबून, "न्हाई, तिकडं. माजा सासरा बैलावर मीठ लादून जायचा तिथल्या बाजाराला. मी लहान सून व्हते, बैलाच्या शेपटीशिवाय काय बघितलंय मी?"

मला हसू आलं. तेवढ्यात मागे चरण्याचा आवाज थांबला. वळून पाहिलं तर गाय नव्हती.

मी उठून धावणार तोच तिनं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात केवढं बळ! "बस. आता तिला तिचं काम करू दे." मी बसले, पण मनात एकच चाललं होतं. गाय गेली, आता घरी कुठल्या तोंडानं जाऊ, वडिलांना काय सांगू. याडीचाही चेहरा मला उतरल्यासारखा वाटला. ती पुटपुटली, "लई येळ लावला हिनं." म्हणजे तिलाही खात्री नव्हती. तरी मनगट सोडलं नाही.

मग वाऱ्याबरोबर एक आवाज आला. हंबरणं नव्हे, घशातल्या घशात केलेला, मऊ. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आम्ही गवतातून वाकून गेलो. माळ एका जागी खोल होत होता, तिथं पळसाच्या झुडपाआड गाय मान खाली घालून उभी. तिच्या पायाशी वासरू, जमिनीला चिकटलेलं, कान पाडलेले. हलेना.

"गेलं," मी म्हणाले.

"गप."

गाईनं त्याच्या पाठीवरून जीभ फिरवली. एक कान हलला. मग ते धडपडत उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि कासेला लागलं. त्याच्या तोंडातून पांढरा फेस गळायला लागला तेव्हा याडीनं माझं मनगट सोडलं. तिथं तिच्या बांगड्यांचे वळ उठले होते.

पोट भरेपर्यंत याडीनं मला त्याला हात लावू दिला नाही. मग दोन्ही तळहातांना गाईचं शेण आणि गवत चोळलं, माझ्याही हातांना चोळायला लावलं. "मानसाचा वास नको." तरी उचलायला गेली तशी गाईनं शिंग उगारून तिला ढुशी दिली. नडगीवरून रक्त आलं. "बघ, हिला बी माहेरचा तोरा!" म्हणाली आणि वासरू खांद्यावर टाकलं. दोरी माझ्या हातात तशीच राहिली. गाय आपणहून मागे येत होती, वासराच्या पायांना नाक लावत.

गावाच्या वेशीपाशी याडीनं वासरू माझ्या खांद्यावर दिलं. मी घरी चला म्हणाले, चिकाचा खरवस खाऊन जा म्हणाले. "सरपन वर पडलंय. चूल काय खरवसावर पेटंल?" म्हणत ती लंगडत परत चढाला लागली. दिवस उतरत होता आणि तिची सगळी वाट तिला पुन्हा चालायची होती.

सासूबाईंनी दारात गाईवरून आणि माझ्यावरून एकदमच भाकरतुकडा ओवाळून टाकला.

त्यानंतर मी तांड्यावर कितीदा गेले. ज्वारी नेली, लुगडं नेलं. ती घेते, पण म्हणते, "ह्यो तर शेजारधरम झाला." माझ्या मनातलं अजून दिलेलं नाही. ही गाय माझी आहे, तिच्या पोटचं कुणाला द्यायचं ते मीच ठरवते, घरात कुणी आडवं येत नाही. पण तो पहिला गोऱ्हा, आणि पुढचे दोनही गोऱ्हेच. याडी हसते, "तुजी गाय मला काय देत न्हाई बग." देईल. पहिली कालवड होईल ती दूध तुटल्यावर मी स्वतः माळावर घेऊन येईन आणि याडी, तुझ्या झोपडीपुढं बांधीन. तोवर तू धड राहा.