सिस्टरबाईंचा आयतवार

सरकारी दवाखान्याच्या सिस्टरबाई लाखांदूरकडच्या आमच्या गावी आल्या, तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. त्या नागपूरच्या, ख्रिस्ती, एकट्या. आमच्याच पडवीलगतच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. आठवडाभर सायकलवर गावं पालथी घालायच्या, त्याचं मला काही वाटलं नाही. जळायचे मी त्यांच्या आयतवारावर.

दर रविवारी त्या न्हाऊन पांढरं पातळ नेसायच्या. शेजारच्या गावाहून एक मास्तर, त्यांची बायको आणि एक म्हातारी येत. दार लोटून चौघं प्रार्थना करत, गाणी म्हणत, मग चहा घेत हसत बसत. इकडे मी धानाच्या रोवणीला आलेल्या बायांसाठी भात रांधत असे. वार मलाही होते, सोमवार, गुरुवार. पण ते उपासाचे. त्या दिवशी काम उलट वाढायचं.

एकदा मला राहवलं नाही. ऐन गाण्यात मी दार ठोठावलं. "सासूबाईले चक्कर आली जी, लवकर चाला!"

त्या औषधांची पेटी घेऊन धावत आल्या. सासूबाई परसात तांदूळ पाखडत होत्या. "मले काय झालं?" त्या म्हणाल्या. सिस्टरबाईंनी तरीही नाडी पाहिली. मग मागच्या दारी मला विचारलं, "वहिनी, खोटं कशाला बोललात?"

"तुमच्या देवानं तुमाले सुटीचा वार देल्ला. आमाले कायले नाही?"

त्या पायरीवर बसल्या. "देवानं नाही, माणसांनी ठरवला. पहिले ख्रिस्ती यहुदी होते, शनिवार पाळायचे. पण येशू मेल्यावर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आयतवारी, पुन्हा उठला, असा त्यांचा विश्वास. म्हणून त्या दिवशी जमू लागले. काहीजण दोन्ही वार पाळत. हळूहळू बहुतेकांचा शनिवार मागे पडला."

"म्हणजे दोन दोन सुट्या?"

"सुटी कुठली! तो कामाचाच दिवस. त्यांच्यात गुलाम होते, मोलकरणी होत्या. उजाडायच्या आधी जमायचे, नाहीतर काम आटोपल्यावर. सुटी तीनशे वर्षांनी रोमच्या एका बादशहानं दिली."

हे ऐकून मन निवायला हवं होतं. ते जास्तच जळलं. त्या मोलकरणींनासुद्धा पहाटे भेटायला कुणीतरी होतं. मला या गावात कोण होतं? तसं मी बोलूनही गेले.

"मग या ना," त्या म्हणाल्या. "प्रार्थना नका करू. चहाला या."

महिनाभर मी गेले नाही. मग एका आयतवारी जाऊन दारात उभी राहिले. म्हातारीनं सरकून जागा दिली. पुढे दर आयतवारी काम सांभाळून दहा मिनिटं तरी जात राहिले.

दुसऱ्या साली सिस्टरबाईंची बदली झाली. मास्तरांच्या बायकोला मी बाजाराच्या दिवशी ठरवून भेटू लागले. सिस्टरबाईंचं पत्र आलं की ती मला वाचून दाखवायची. पत्राच्या शेवटी माझी विचारपूस असायची. पण पाकिटावर नाव तिचं असे, आणि ते मला दर वेळी खुपायचं.