आबांना रजिस्टर नोटीस

मी माझ्याच घरी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ती आली तेव्हा आबा माझ्याच खाटेवर बसून माझाच चहा पीत होते.

साल ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल. मुलुंडला आमच्या मालकीच्या दोन खोल्या. आबा म्हणजे माझ्या मेहुण्याचे गावचे शेजारी. मेहुण्याने मला न विचारता त्यांना सांगून टाकलं, "खुशाल जा, ताईचं घर म्हणजे आपलंच!" आठ दिवसांसाठी आलेला माणूस पाच महिने हलेना. आतली खोली त्यांची, खाट त्यांची. आणि आमची बेबी पंधरा दिवसांनी पहिल्या बाळंतपणाला यायची! तिला झोपवू कुठे, मोरीत?

"अहो, तुम्हीच सांगा ना त्यांना," सुमन म्हणाली. (सुमन माझी बायको. तिला जाऊन आता वर्ष होईल. चहा मात्र मी अजून दोन कपच टाकतो.)

तसा मी फटकळ. कामावर साहेबाला तोंडावर सुनावलंय. पण बायकोच्या माहेरचा माणूस म्हटला की जीभ टाळ्याला! शेवटी वकील गाठला.

"भाडं घेता?"

"छे!"

"रेशनकार्डावर नाव चढवलंय?"

"वेडा आहे का मी?"

"मग तो नुसता पाहुणा, भाडेकरू नाही. जायची तारीख लिहून कागद हातात द्या, सही घ्या. तो तुमच्याकडे राहतो असा दुसरा कसलाही पुरावा त्याच्या हाती पडू देऊ नका."

हातात द्यायची लाज वाटली. (शिक्षण चौथी, अक्कल त्याहून कमी!) पाकिटावर आबांचं पूर्ण नाव लिहिलं, खाली माझ्या घराचा पत्ता, आणि दिलं पोस्टात टाकून.

आबांनी पोस्टमनला सही दिली, कागद वाचला आणि खूश!

"भावोजी, उपकार झाले हो! रेशन ऑफिसवाला पत्त्याचा पुरावा मागत होता. आता हे पाकीट दाखवतो."

"आबा, आतला कागद वाचलात ना?"

"वाचला की! आतलं काय, आपल्या घरातलं. त्यांना पाकीट पुरे."

वाट लागली! वकिलाकडे धावलो. त्याने कपाळावर हात मारला. "पुरावा तुम्हीच पाठवलात? आता जा कोर्टात. निकाल लागेपर्यंत तुमचा नातू मतदान करेल!"

तोंड पाडून घरी आलो, तर सुमन आबांसमोर उभी.

"आबा, चढवाच नाव कार्डावर. घरचे झालात, आता कामंही घरची. पहाटे दूध केंद्रावर लाईन लावायची. मग बाळाची दुपटी, लंगोट धुवायचे. बाळ रडलं की मांडीवर घेऊन बसायचं. ह्यांच्याच्याने काही होत नाही."

आबांना एकदम आठवलं, गावचं घर शाकारायचं राहिलंय. संध्याकाळी ट्रंकेसकट पसार!

"बघितलंस? नोटिशीचा धसका!" मी मिशीवरून हात फिरवला.

सुमनने जुन्या लुगड्यांचे फाडलेले लंगोट माझ्या मांडीवर ठेवले. "कामं तशीच राहिलीत हो. पहाटे दुधापासून सुरुवात करा."

तीन महिने धुतले! आबा पाहुणे होते, सुटले. मी पडलो घरमालक, जातो कुठे!