काजळी धुणारा माणूस

घरी मी स्वतःचा कपसुद्धा विसळत नाही, असं बायको आल्यागेल्याला सांगते. खरं आहे. पण प्रयोगशाळेत गेली एकवीस वर्षं मी काजळी धुतोय आणि त्याचाच पगार घेतोय.

ही काजळी म्हणजे कार्बनच्या नळ्या, इतक्या बारीक की डोळ्यांना दिसते ती नुसती काळी पूड. महा हट्टी. पाण्यात टाकली तर वरच तरंगत बसते, पाण्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी. मग तिला जहाल आम्लात सहा तास उकळायचं. त्यानं नळ्यांच्या अंगावर ऑक्सिजन बसतो, त्यांचं पाण्याशी जमतं आणि पाण्यातलं शिसं त्या धरून ठेवू लागतात. उकळायचं काम संशोधन करणाऱ्या मॅडमचं, धुवायचं माझं. आम्ल मागे राहिलं तर शिसं धरायची ताकद गेलीच म्हणून समजा. म्हणून धुवायचं, गाळायचं, गाळलेल्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवायची. नारिंगी आली तर आम्ल अजून आहे, परत धुवायचं. हिरवी झाली, म्हणजे आम्ल संपलं, की वहीत पीएच ‘सात’ लिहून सुटायचं. गाळणी सारखी चोंदते, त्यामुळे तीन दिवस सहज जातात.

नव्या लोकांना मी छाती फुगवून सांगायचो, “घाई हा शब्दच मला माहीत नाही.” ऐकून ऐकून वरच्यांनाही ते पटलं आणि त्यांनी मला चिकाटीबद्दल प्रशस्तिपत्र द्यायचं ठरवलं. समारंभ गुरुवारी सकाळी. बुधवारी दुपारी पट्टी नारिंगीच होती, म्हणजे चार. आणि मला केस काळे करून घ्यायचे होते. मी वहीत ‘सात’ लिहिलं, पूड वाळायला ठेवली आणि सलून गाठलं.

समारंभात साहेब माझ्या संयमावर दहा मिनिटं बोलले. मी मान खाली घालून उभा. लोकांना तो विनय वाटला.

इकडे मॅडमचे आकडे बिघडले. माझ्या पुडीपेक्षा न उकळलेली पूडच जास्त शिसं धरत होती. त्यांनी पाच वेळा करून पाहिलं. तीन वर्षं त्यांनी या कामात घातली होती, आणि महिनाअखेरपर्यंत सुधारणा दिसली नाही तर विषय बंद, असं साहेबांनी बजावलं होतं. मी शेजारी भांडी घासत सगळं ऐकत होतो. तोंड उघडण्याची हिंमत होईना.

शेवटी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “केस रंगवायला? त्या बारा केसांसाठी? उद्या आधी त्यांना सांगा, मग जेवायला बसा.”

दुसऱ्या दिवशी सांगितलं. “मॅडम, ती पूड चारची आहे. सात मी खोटं लिहिलं.”

बोलणी खायची तयारी करूनच गेलो होतो. पण त्यांनी वही उघडून माझं ते ‘सात’ पाहिलं. मग म्हणाल्या, “काका, इतके दिवस मला वाटत होतं, मलाच काही येत नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरलेली पूड मी परत धुतली, चार दिवस. पट्टी हिरवीगार झाली आणि पुडीनं तिपटीहून जास्त शिसं धरलं. विषय वाचला. मॅडमनी मला बोलावून आकडे दाखवले, हसल्या, रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत.

पण हल्ली धुतलेल्या पुडीची बाटली टेबलावर ठेवली, की त्या लगेच हात लावत नाहीत. माझी पाठ वळायची वाट पाहतात, मग चिमूटभर पूड पाण्यात घालून हळूच पट्टी बुडवतात. मला वाईट वाटू नये म्हणून. एकदा कपाटाच्या काचेत मला ते दिसलं. तेव्हापासून बाटली ठेवली की मी बेसिनकडे तोंड करतो, आणि त्यांचं आटपेपर्यंत एखादं स्वच्छ भांडं घासत राहतो.