सुमनमावशीचा धुरा

फोन आला तेव्हा मी कुडव्याला पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो. "मावशी गेली," मावसाजी म्हणाले. मी हातातली गाठ मारली, पुढचा गठ्ठा ओढला... आता कित्येक आठवडे झाले, रडू काही आलेलं नाही.

अर्जुनी मोरगावच्या पलीकडं मावशीची धानाची बांधी. दर पावसाळ्यात तिथं सारसाची जोडी घरटं करते. माणसाच्या छातीला येणारं ते पाखरू, आजूबाजूचं धान उपटतं, तुडवतं. मावशी तेवढा तुकडा सोडून द्यायची. रोज धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून "मीच आहो वं, बस" असं मादीला सांगायची अन् कुत्रे हाकलायची. काऊन, असं तिला कधी कोणी विचारलं नाही.

मग बक्षीस आलं. घरटं राखणाऱ्याला पैसे, शाल, स्टेजवर सत्कार. पुरावा म्हणून घरट्याचा फोटो. झालं! अख्खं गाव मोबाइल घेऊन चिखलात, मावसाजी सगळ्यांच्या पुढं.

"सगळेच फोटो घेऊन राहिले न्! पाखरू तर आपल्याच वावरात आहे," मावसाजी म्हणाले.

"मंग? लेकीच्या बाळंतपणाले तिकीट लावता काय? जा, शाल पांघरा न् झोपा!" मावशी कडाडली.

मावसाजींनी शाल घेतली. गर्दीला बुजून जोडी अंडी तशीच सोडून उडाली. पुढं बक्षीस बंद पडलं, तसं गावाचं राखणंही संपलं. आधी वाटेनं जाणारा कोणीही कुत्र्याला दगड तरी मारायचा, आता तोच म्हणतो, "आपल्याले काय भेटते?" बक्षिसाआधी हा प्रश्न या गावात नव्हता. कोणी आणला तो? यावर मला संताप यायला हवा. येत नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा ती खाटेवर होती. जोडी यंदा परतली होती. "मी तं पडली बा. आता कोण पाहीन?" मावसाजी उठून बाहेर गेले.

परवा गेलो. घरात कोणी नव्हतं, खाट भिंतीला उभी. बांधीकडं निघालो. धुऱ्यावर मावसाजी, डोक्याला ती सत्काराची शाल गुंडाळलेली, पावसानं भिजलेली. मी जवळ जाऊ लागलो तसा त्यांनी हातानं थांबवलं. मग घरट्याकडं तोंड करून, तिच्याच सुरात हळूच म्हणाले, "मीच आहो वं, बस."

मादीनं मान वर केली. बसून राहिली.