लाल गाडीला कोणते टायर?

साधना खेरडेला अमरावतीत बहुतेक लोक ओळखत ते गाडी सजवणारी बाई म्हणून. गांधी चौकाजवळ तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, मनोजचं, फुलांचं दुकान. बडनेऱ्याच्या पलीकडं घरचं वावर, त्यात झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब. लग्नसराई लागली की नवरदेवांच्या गाड्या सकाळपासून दुकानापुढं येऊन उभ्या राहत, आणि साधना पदर खोचून एकेकीला हात लावी. मोठ्या, उंच, पांढऱ्या, काळ्या अशा कितीतरी गाड्या तिच्या हाताखालून गेल्या. पण तिचा जीव जडला तो एकाच गाडीवर, आणि ती गाडी होती अकोल्याला, शेषराव तायड्यांकडं.

शेषरावांचा मंडप-बिछायतीचा धंदा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी परदेशातून आणलेली एक लाल, बुटकी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार त्यांनी मुंबईहून हौसेनं विकत घेतली होती. छप्पर कापडाचं, मागं घडी करून ठेवता येणारं. नवरदेव उघड्या गाडीत बसला म्हणजे फेटा लांबून दिसतो, म्हणून वरातीसाठी तिला मागणी फार. तेल्हाऱ्याच्या एका लग्नात साधनानं ती पहिल्यांदा सजवली. बाकीचे सजावटवाले सरळ रंगावर चिकटपट्टी मारत. साधनानं माळा लोकरीच्या दोऱ्यानं बांधल्या आणि दोऱ्याखाली मऊ फडकं घातलं. शेषराव लांबून पाहत होते. त्या दिवसापासून ती गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नाही. आणि दर वेळी सजावट झाली की साधना "समोरून फुलं आड येत नाहीत ना, पाहून घेते" असं म्हणून स्टिअरिंगमागं बसे आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बसे.

मागच्या पौषात शेषरावांचा फोन आला.

"साधना, माहे गुडघे आता त्या गाडीत बसू देत नाही, अन् बसलो तर उठू देत नाही. पुण्याचा एक जण मागून राहिला. पण तुले पाहिजे असंन तर पहिले तुले."

साधनानं मनोजकडं न पाहताच हो म्हणून टाकलं. त्या दिवशी जेवून ताट उचलताना मनोजनं हळूच विचारलं, "त्याचं छप्पर खरंच उघडते काय?" तेव्हा साधनानं ओळखलं की काम झालं.

गाडी आणायला दोघं अकोल्याला गेले. साधना गाडी चालवायला शिकली होती दुकानाच्या छोट्या हत्तीवर, म्हणजे त्या चारचाकी टेम्पोवर, ज्यातून फुलं बाजारात जातात. त्यामुळं लाल गाडीत बसल्यावर तिला वाटलं, आपण रस्त्यावरच बसलोय. दुपारचं ऊन सौम्य होतं, छप्पर मागं होतं, आणि मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत तिच्या तोंडावरचं हसू काही गेलं नाही. मनोज मागून छोटा हत्ती घेऊन येत होता.

बडनेरा जवळ आलं तिथल्या एका वळणावर पाण्याचा टँकर नुकताच गेला होता, गळत गळत. रस्ता थोडासाच ओला होता. साधनानं स्टिअरिंग वळवलं. गाडीचं तोंड वळलं, पण मागची बाजू आपल्याच वाटेनं पुढं निघाली. झाडं, मैलाचा दगड, मनोजचा टेम्पो, पुन्हा झाडं, असं सगळं तिच्या डोळ्यांसमोरून सरकलं, आणि गाडी रस्त्याकडेच्या गवतात शांतपणे थांबली. तोंड अकोल्याकडं.

मनोज धावत आला. साधना दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती.

"लागलं काय?"

"नाही."

"पाणी पितं?"

"अहो," ती म्हणाली, "टायर तर नवेकोरे दिसतात. मंग घसरली काहून?"

मनोजनं पुढं कित्येक वर्षं सांगावी अशी ही गोष्ट झाली. बायको मरता मरता वाचली आणि तिचा पहिला प्रश्न टायरचा. तिथून घरापर्यंत ती इतकी हळू आली की सायकलवाले वळून वळून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बडनेरा रोडवर कुंदनच्या टायरच्या दुकानात उभी राहिली. कुंदन मनोजचा शाळेतला मित्र, बोलका आणि गाड्यांचा वेडा. त्यानं आधी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग मांडी घालून चाकापाशी बसला.

"वहिनी, नक्षी पाहा, किती खोल. काहीच झिजले नाही." मग त्यानं रबरात नख रोवून पाहिलं. नख रुतेना. त्यानं चेहरा वाकडा केला आणि टायरच्या बाजूवर बोट ठेवलं. तिथं एका लांबट चौकटीत चार आकडे होते. "पहिले दोन म्हणजे आठवडा, मागचे दोन म्हणजे साल. दोन हजार अकराचा माल हाय हा. वरातीत गाडी चालते किती? म्हणून घासले नाही. पण उभ्या उभ्या उन्हानं वाळले. हे रबर नाही राहिलं, लाकूड झालं."

साधना खाली बसली आणि तिनंही नख रोवून पाहिलं. शेवंती जास्त दिवस राहिली की पाकळी वाळते, पण लांबून ताजीच वाटते. गिऱ्हाईकाला कळत नाही, हाताला कळतं. असंच हे, तिच्या लक्षात आलं. आणि कालची भीती गेली. तिला उलट हुरूपच आला. म्हणजे दोष तिच्या हाताचा नव्हता, गाडीचाही नव्हता. गाडीला फक्त चांगले पाय द्यायचे होते.

त्यानंतर तिला टायरशिवाय काही दिसेना. सिग्नलला शेजारी गाडी थांबली की तिची नजर आधी खाली. भाजी आणायला गेली तर इतवारा बाजारात उभ्या गाड्यांच्या चाकांवरचे आकडे वाचत परत येई. एका लग्नात तर नवरदेवाची गाडी सजवायची सोडून ती मागच्या चाकापाशी उकिडवी बसलेली पाहून नवरदेवाचे मामा म्हणाले, "बाई, फुलं वरतून लावायची हायेत, खालून नाही."

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. मनोजला हवे होते रुंद टायर. "स्पोर्ट्स कार हाय, मागून पाहाले भरलेली दिसली पाहिजे." कुंदनकडं वापरलेले रुंद टायर चाकांसकट होते. ते त्यानं कौतुकानं बसवून दिले आणि बाजार समितीचं मैदान सुटीच्या दिवशी रिकामं असतं तिथं तिघं गेले. गाडी दिसत होती मोठी झोकात. मनोजनं फोटो काढले. पण साधनानं स्टिअरिंग फिरवलं आणि तिला ते जड लागलं. पुरतं वळवलं तर टायर आतल्या पत्र्याला घासून करकर आवाज यायला लागला. तिनं एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि खाली उतरली.

"गाडी मुकी झाली," ती म्हणाली. "पहिले खालचा रस्ता हाताले कळत होता. आता काहीच कळून नाही राहिलं."

"दिसते तर भारी," मनोज म्हणाला.

"मी आत बसतो तं मले कुठी दिसते?"

मनोजनं फोटो पुन्हा एकदा पाहिले आणि फोन खिशात ठेवला.

मग कुंदननं दुसरा रस्ता सुचवला. टॅक्सीवाले घेतात ते टायर, कडक रबराचे. "हे घ्या अन् विसरून जा. साठ हजार किलोमीटर पाहाणं नाही."

"भाऊजी, मले साठ हजार किलोमीटर चालवायची नाही," साधना म्हणाली. "मले वळवायची हाय."

कुंदननं खुर्ची ओढली, चहा सांगितला आणि खऱ्या अर्थानं बोलायला लागला. ड्रायव्हरच्या दाराच्या आत कंपनीनं एक पत्रा लावलेला असतो, त्यावर मूळ माप लिहिलेलं. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी सगळी गाडी त्या मापावर तोलली आहे. तेच माप घ्यायचं. रबर मऊ घ्यायचं, मग ते रस्ता धरतं, पण झिजतं लवकर. चारही चाकांना एकच जातीचे, एकाच वयाचे. साधनानं विचारलं, मे महिन्यात आपल्याकडं डांबर पायाला चिकटतं, तेव्हा मऊ रबराचं काय होईल? पावसाळ्यात पाणी कुठून निघेल? कुंदननं मोबाईलवर तीन-चार नक्ष्या काढून दाखवल्या. तिनं त्यांतली एक निवडली. तिच्या मधून दोन खोल चर सरळ गेले होते पाणी काढायला, आणि कडेचे ठोकळे मोठे होते वळणावर धरायला. उन्हाळ्यात हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची, एवढं पथ्य ठरलं. झिजणार तर झिजू देत. वापरून झिजलेलं तिला चालणार होतं.

टायर नागपूरहून यायचे होते. आले त्या दिवशी कुंदनचा फोन संपायच्या आत साधना दुकानातून निघाली. चारही टायर कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले, एकावर एक रचून ठेवलेले होते. वास असा की दुकानात शिरताच नाकाला कळावं. कुंदन जॅक लावायला गेला तेवढ्यात तिनं एकेक टायर फिरवून आकडे वाचले. पहिला या वर्षीचा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथ्यापाशी ती थांबली.

"भाऊजी, याचा जन्म त्यांच्या चार वर्ष आंधी झाला."

कुंदन येऊन वाकला. त्यानं आकडे पाहिले, कान खाजवले. "मी पाह्यलंच नाही वहिनी. नागपूरवाल्यानं गोदामातला जुना ढकलला. तसा चालते म्हणा, पण..." तो स्वतःच थांबला. "नाही, तुमाले नाही देणार." त्यानं तिथूनच नागपूरला फोन लावला आणि त्या माणसाला असं काही ऐकवलं की साधनानं मुद्दाम रस्त्याकडं तोंड केलं.

बदली टायर यायला आठवडा गेला. तो आठवडा तिला फार लांब वाटला. हार गुंफताना सुई बोटात जाई. तिच्या सासूबाई, पार्बताबाई, हे सगळं ओसरीवरून पाहत होत्या. वय सत्तरीच्या पुढं, आयुष्यभर फुलांच्या पाट्या डोक्यावर वाहिलेल्या. त्यांनी टायरबद्दल एक शब्द काढला नव्हता. पण चारही टायर बसले, चाकांचा तोल साधून झाला आणि गाडी दारात आली, तेव्हा त्या हळद-कुंकू आणि चार लिंबं घेऊन तयार होत्या. चाकांना कुंकू लावलं, लिंबं चाकाखाली ठेवली. आणि मग दार उघडून सरळ आत जाऊन बसल्या.

"आई, कुठी?"

"मोझरीले. मले कवाचं महाराजाच्या समाधीवर जायचं होतं. चाल."

नवे टायर आधी शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवायचे असतात. वरचा गुळगुळीत थर उडाला की मग ते रस्ता धरतात. मोझरी त्याला अगदी योग्य होती. साधना नागपूर रोडनं हळूहळू निघाली. मऊ रबराखालून रस्ता तिच्या तळहातांपर्यंत येत होता: कुठं डांबर नवं, कुठं जुनं, कुठं पॅच मारलेला. तिला सगळं कळत होतं. पार्बताबाई मात्र खूश नव्हत्या.

"एसटी पुढं गेली."

"जाऊ द्या आई. टायर नवे हायेत."

थोड्या वेळानं, "ट्रॅक्टर पुढं गेला."

"तो नाही गेला, त्याले मी जाऊ दिलं."

समाधीवर डोकं टेकवून झाल्यावर त्या परत गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता नवे नाही राहिले. आता तिवस्यापर्यंत जाऊन येऊ." तिवसा झालं. दुसऱ्या दिवशी दर्यापूरकडं एक चक्कर झाली. चौथ्या दिवशी पहाटेच पार्बताबाईंनी पदर कानावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली आणि विचारलं, "आज चिखलदरा ना?"

परतवाडा सोडलं, धामणगाव गढी मागं पडलं, आणि घाट सुरू झाला. साधनानं छप्पर मागं केलं. सागाची पानं रस्त्याच्या कडेला साचली होती. पहिलं वळण तिनं भीतभीतच घेतलं, हातांना अजून बडनेऱ्याची आठवण होती. गाडी जिथं सांगितली तिथं गेली. दुसरं थोडं जोरात घेतलं. मागची बाजू पुढच्या बाजूच्या मागोमाग आली, जशी यावी तशी. तिसऱ्या वळणापासून साधना मोजायचं, घाबरायचं, सगळं विसरली. ब्रेक, वळण, गाडी चढावर ओढून घेणं, पुन्हा ब्रेक. टायर वळणावर हलकंसं कुरकुरत आणि ते कुरकुरणंच तिला सांगत होतं की अजून थोडं चालेल, आणि इथं आता पुरे. एवढ्या वर्षांत माळा लावताना तिनं ज्या सीटवर चोरून बसून घेतलं होतं, तिथं बसून ती आज घाट चढत होती. बाजूला पार्बताबाईंनी दाराची कडा दोन्ही हातांनी धरली होती. डोळे मिटलेले होते का वाऱ्यानं बारीक झाले होते, हे साधनाला कळेना, आणि त्यांच्याकडं वळून पाहायला सवड नव्हती.

वर पठारावर आल्यावर तिनं गाडी एका चहाच्या टपरीपाशी थांबवली. खाली उतरून चारही टायरांवर तळहात ठेवून पाहिला. चारही सारखेच गरम. तिला तिथंच रस्त्यात नाचावंसं वाटलं. पार्बताबाई अजून गाडीतच होत्या, समोर दरीकडं पाहत.

"आई, बरं वाटत नाही काय? पाणी देऊ?"

पार्बताबाईंनी पदराची गाठ पुन्हा घट्ट केली.

"साधने, खाली जाऊन परत वर येता येते काय?"

दोघींनी चहा घेतला, खवा घेतला, आणि त्या पुन्हा घाट उतरून पुन्हा चढल्या. दुसऱ्यांदा पार्बताबाईंनी एकच हात दारावर ठेवला होता. दुसरा त्यांनी वर, वाऱ्यात धरला होता.

संध्याकाळी गाडी दुकानापुढं लागली तेव्हा मनोज वाट पाहतच उभा होता. धुळीनं माखलेल्या बायकोकडं आणि आईकडं त्यानं आळीपाळीनं पाहिलं.

"उद्या माहा नंबर हाय," तो म्हणाला.

"उद्या नाही," पार्बताबाई उतरता उतरता म्हणाल्या. "उद्या आमाले अकोल्याले जायचं हाय. शेषरावाले दाखवाले नोको काय, गाडी कशी चालते ते?"