मेजरांचं वर केलेलं बोट

बोलता बोलता मेजर एकदम बोट वर करायचे. "व्हिश्ट!" म्हणायचे, की समोरच्याने गप्प बसायचं. विमानतळाशेजारच्या सँट्रीत आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात. तरी प्रत्येक विमानाचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ते चहाचा घोटसुद्धा घेत नसत.

आमच्या शेजारचे हे निवृत्त आयरिश लष्करी अधिकारी तरुणपणी परदेशात शांतिसेनेच्या एका चौकीवर होते. तिथेही त्यांनी असंच बोट वर केलं होतं. त्यांचा मित्र मायकल हसला, "अरे, विमानच तर आहे!" पुढच्या क्षणी बॉम्ब पडला आणि चौकीची भिंत कोसळली. मायकल तिच्याखाली गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, कपबश्या विसळताना, माझ्याकडे पाठ करून.

पुढे लष्करासाठी आधी काय घ्यायचं हे ठरवणाऱ्या समितीत त्यांनी वर्षानुवर्षं एकच धोशा लावला: आधी रडार. दर वेळी नव्या गाड्या यायच्या, नाहीतर गस्तीचं जहाज. "संचलनात जे मिरवता येतं ते आधी घेतात," ते म्हणायचे. "वर मलाच समजावतात, आपला देश तटस्थ, आपल्यावर कोण येतंय!"

मी याद्या करणारी बाई. त्यांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या वेळा मीच बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "घर घेतल्यावर सगळ्यात आधी काय आणलंस?"

"स्मोक अलार्म."

"सोफ्याच्या आधी?"

"सोफा दिवाळीला आला. तोवर जमिनीवर बसलो."

त्यांनी टेबलावर थाप मारली. "तुला मंत्री करायला हवं!"

मग त्यांचे कान गेले. श्रवणयंत्राचाही उपयोग झाला नाही. खिडकीशी बसून ते आभाळाकडे बघत राहायचे. "आता कोण ऐकतंय?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता मान वळवायचे.

रडार घ्यायचं ठरल्याची बातमी मी मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरली.

"कशाच्या आधी?" त्यांनी विचारलं.

'लढाऊ विमानांच्या,' मी खाली लिहिलं.

"ग्रँड," ते म्हणाले, म्हणजे झकास. मग हळूच, "रडार बसेपर्यंत तू ऐकशील ना?"

म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून मी मान हलवली. रडार बसायच्या आतच ते गेले.

परवा जेवताना माझं बोट आपोआप वर गेलं. मुलगी हसली. "आई, इट्स ओन्ली अ प्लेन!"

मीही हसणार होते. पण मायकलही असाच हसला होता. आवाज पूर्ण विरेपर्यंत घास माझ्या हातातच राहिला.